आधी शेजारणीचं म्हणणं

सरसाक्कांचं नाव आधी लिहिते आणि मग बाकीचं. चिकपेठेच्या मागच्या एका गल्लीत त्या ब्लाउज शिवतात. बेंगळूरात मी दीडेक महिना राहिले, तेवढ्यात त्यांनी मला जेवू घातलं, बाजार दाखवला, बाळंतिणीचा काढा करून दिला. ते सगळं कुणीही भली बाई करेल. पण एका रविवारी त्या माझ्या शेजारी बसल्या आणि माझं बोलणं, एक शब्द कमी न करता आणि एक शब्द गोड न करता, लोकांपर्यंत नेलं. हे मी आधी कुणी केलेलं पाहिलं नव्हतं.

वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी गुरुजी म्हणाले, जे बाहेर जाऊन आले त्यांनी लिहावं. माझी शाळा सातवीत सुटली. वाक्य लांब झालं की मला धाप लागते. चुकलं तर सांभाळून घ्या.

चिकपेठ

आमच्या भागातली निम्मी पोरं गलाईला जातात हे तुम्हाला सांगायला नको. सराफाकडचं जुनं सोनं आटवायचं, त्यातली भेसळ काढून चोख करून द्यायचं. कुणी मदुरैला असतो, कुणी विजयवाड्याला, माझा दादा बेंगळूरला. हे काम त्याला आबांनी, आमच्या वडिलांनी, शिकवलं. त्याला तिथं बरीच वर्षं झाली. वहिनीला माहेरचं कुणी नाही, म्हणून बाळंतपणाला मी गेले. मिरजेला गाडीत बसल्यापासून पिशवी मांडीवरनं खाली ठेवली नाही. डोळा लागला आणि स्टेशन मागं गेलं तर, दादा न्यायला आला नाही तर, आलाच पण मला ओळखलं नाही तर. सकाळी खिडकीतून बघते तर माती तांबडी आणि मधेच नुसते धोंडे, एकावर एक रचून ठेवल्यासारखे. कुणी रचले असतील या विचारात तेवढा वेळ भीती विसरले.

दादाची खोली म्हणजे पुढं दुकान, मागं चूल. दुकानात भट्टी, मुशी, चिमटे आणि सोनं आटवताना घालायच्या टाकणखाराचा डबा. वर माळ्यावर वहिनी आणि चार दिवसांचं बाळ. मी बाळाला घेतलं तर ते माझ्याकडं बघून शिंकलं. दादा म्हणाला, "त्याला धुराची सवय हाय, तुझ्या अंगाला गावचा वास येतोय."

धूर दोन जातींचा. कोळशाचा आपल्या ओळखीचा. पण सोनं तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकतात तेव्हा जो उठतो तो पिवळा-तांबूस असतो, घशात खवखवतो, डोळ्यांत पाणी आणतो. दादानं पाइप लावून तो मागच्या भिंतीवर सोडला होता. मागच्या भिंतीला लागून वर एक गच्ची, आणि गच्चीवर सेल्वीचं घर. सेल्वी तमिळ. फुलांचे गजरे करून विकते. घरात नवरा आणि दम्यानं खोकणारा म्हातारा सासरा.

गल्ली एवढीशी, पण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पाच भाषा कानावर पडत. रामय्या कन्नड बोलत, कोपऱ्यावरचे शेट्टी घरात तेलुगू बोलत, जरीवाले बाबाजान त्यांची उर्दू, सेल्वी तमिळ, आणि सरसाक्का मराठी. पण कसली मराठी. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर कधीतरी तिकडं गेले ते गेलेच. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "ये गे, बस की. स्वल्प चित्रान्न खा. लाजूं नको, तुझं ऊर आणि माझं ऊर एकच म्हण." चित्रान्न म्हणजे फोडणीचा भात, ऊर म्हणजे गाव. मी म्हटलं, "अक्का, तुमचं गाव कंचं?" त्या शिलाई न थांबवता म्हणाल्या, "ते विसरून तीनशे वरुषं झाली गे. तू सांग, तेच माझं."

त्यांच्या घरची पुरणपोळी तुरीच्या डाळीची, तिला होळिगे म्हणायचं आणि वर नारळाचं दूध घ्यायचं. मी हरभऱ्याच्या डाळीचं सांगितलं तर त्यांना वाटलं मी थट्टा करते. नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, ज्याला ते मुद्दे म्हणतात, तोही खाल्ला. तो चावायचा नसतो, गोळी करून गिळायचा असतो. मी चावला. टाळूला चिकटला आणि पाणी पिऊनही हलेना. सरसाक्का हसून डोळे पुसत होत्या आणि मला आपण इथंच गुदमरतो की काय अशी काळजी.

बसवनगुडी, वाट चुकून

गावी मी शिकलेल्यांत जमा. सासूबाई पत्र माझ्याकडून वाचून घेतात. बेंगळूरात बसच्या पाटीवर अक्षरं कानडी, आकडेसुद्धा कानडी. सातवी शिकलेली बाई पुन्हा बिगरीत. दवाखान्यातून वहिनीचं औषध घेऊन निघाले ते उलट्या बाजूच्या बसमध्ये बसले. रस्ते रुंद होत गेले, झाडं मोठी होत गेली, तेव्हा उतरले ती बसवनगुडीला.

गांधीबझारात फुलांचा बाजार भरला होता. मोगरा, कनकांबरं म्हणजे आपली अबोली, मरवा, ओल्या फडक्यात गुंडाळलेले ढीग. मी औषधाची बाटली छातीशी धरून उभी. रडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"तू वो धुआँवाले की बहन ना?"

सेल्वी होती, डोक्यावर केळीच्या पानात बांधलेला गठ्ठा. तोडकंमोडकं हिंदी तिला येत होतं, मला तिच्याहून कमी. मी नुसती मान हलवली. ती म्हणाली, "चल. रोती काय कू?" मी म्हटलं, "रोती नहीं." ती म्हणाली, "अच्छा, नहीं रोती. चल."

घरापर्यंत तिनं मला आणलं आणि वर गच्चीवर नेलं. तिचा सासरा बाजेवर बसून होता, छाती भात्यासारखी वर-खाली. तिनं मला दोरा दिला आणि बोटांत मोगरा कसा धरायचा ते दाखवलं. मी ओवलेली वेणी बघून म्हातारा खोकत खोकत हसला. मग सेल्वीनं दोरीवरचं ओलं फडकं बाजूला केलं. खालच्या गजऱ्यांच्या पाकळ्यांना तपकिरी कडा आल्या होत्या, पोळल्यासारख्या.

"तेरे भाई का धुआँ," ती म्हणाली. "मय दो बार बोलने गई. वो दरवाजा बंद करा."

"क्या बोलने?"

"कब जलाता, पैले बोल दे. मय फूल अंदर रखती, मामा को नीचे ले जाती. बस, इतना बोलने."

मामा म्हणजे तिचा सासरा. एवढंच. मला वाटलं आणखी काही असेल, म्हणून मी थांबले. ती पुढची कळी ओवायला लागली.

जेवताना मी दादाला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"वेळ सांगू? मी काय भजी तळतोय व्हय? लोकांचं सोनं असतंय आत. आबांनी पहिलं काय शिकवलं असेल तर हे, भट्टी कवा पेटली ते शेजाऱ्याला कळू द्यायचं न्हाई. उद्या काय झालं तर सराफ मला धरंल, तिला न्हाई."

"आरं, ती चोरी करणारी न्हाई वाटत."

"वाटत न्हाई म्हणूनच इचारती. आन खरं म्हणणं ते न्हवंच. हे लोक भायेरचे, ह्यास्नी घालवा, हे खरं म्हणणं. तू तिच्याकडं बसू नगंस."

मग त्यानं सांगितलं ते ऐकून माझंही जेवण सरलं. सेल्वीनं गल्लीच्या सभेत धुराचा विषय काढला होता, आणि त्यावर काहींनी भट्टीच नको म्हटलं होतं. येत्या रविवारी ठरणार होतं, भट्टी गल्लीत ठेवायची की नाही. दादा तिथून उठला तर पेठेत दुसरी जागा नाही, आणि पेठेबाहेर सराफ येत नाहीत. माळ्यावर बाळ रडत होतं आणि खाली आम्ही दोघं ताटात हात वाळवत बसलो होतो.

पिंपळाच्या कट्ट्यावर

सभेची रीत मला सरसाक्कांनी आधी समजावली. शेवया वाळत घालता घालता.

काही वर्षांमागं कावेरीच्या पाण्यावरून शहरात तमिळ लोकांच्या अंगावर माणसं धावून गेली. सेल्वीचं घर तेव्हा सरसाक्कांच्या मागच्या खोलीत दार लावून राहिलं. गल्लीत कुणी कुणाला हात लावला नाही, पण निवळल्यावर कळलं की प्रत्येकाच्या डोक्यात दुसऱ्याचं एकेक वाक्य बसलेलं. तो असं म्हणाला, ती तसं म्हणाली. विचारायला गेलं तर कानानं ऐकलेलं कुणीच नाही. रामय्या कोर्टात दुभाषाचं काम करून निवृत्त झालेले. त्यांनी नियम घातला. कट्ट्यावर ज्यानं त्यानं आपल्या भाषेत बोलायचं. पण दुसऱ्याच्या विरोधात बोलायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं. तो 'सरी', म्हणजे बरोबर, म्हणाला तरच पुढं आपलं सुरू करायचं. तीनदा सांगून जमलं नाही तर बोलायची पाळी गेली.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय, तुझं न ऐकतां हात वर करतील."

मी आमच्या ग्रामसभेशी ताडून बघत होते. आमच्यात सगळ्यांची भाषा एक, म्हणून कुणाला कुणाचं ऐकायची गरज पडत नाही. माझी जाऊ आता बायकांच्या जागेवरून पंचायतीत आहे, पण सभेला भावजी जातात. एकदा मी विचारलं होतं, ताई, तुम्ही का जात नाही? ती म्हणाली, मी गेले तर ह्यांनी बसायचं कुठं?

रविवारी दुपार उतरल्यावर पिंपळाच्या कट्ट्याभोवती माणसं जमली. बायका मागं नव्हत्या, जिथं जागा मिळेल तिथं होत्या. दादानं इस्त्रीचा सदरा घातला होता आणि कानडी भाषण पाठ केलं होतं. मी इतकी वर्षं इथं आहे, भाडं थकवलं नाही, दारू पीत नाही, तुमच्या सणाला आलो. आठवडाभर तेच चिमटे घासताना पुटपुटत होता.

सेल्वी तमिळमध्ये बोलली, थोडंच. मग रामय्यांनी दादाकडं हात केला. तो उठला आणि भाषणच सुरू केलं. रामय्यांनी बोट वर केलं. "आधी तिचं."

दादा म्हणाला, "ती म्हणते, मी बाहेरचा आहे, मला घालवा."

सेल्वीनं मान हलवली. नाही.

दादानं घाम पुसला. "ती म्हणते, धुराचा वास येतो."

पुन्हा नाही. कुणीतरी मागून हसलं. बाबाजान म्हणाले, "अरे गलाईवाले, सोना परखता, बात नहीं परखता?" लोक हसले. दादाचे कान लाल झाले. मी त्याला लहानपणापासून ओळखते. असे कान झाले की तो एकतर भांडतो, नाहीतर निघून जातो. आणि तो निघालाच होता, चप्पल पायानं चाचपडत होता. एकच पाळी उरलेली.

मी काही बोलले तर ते त्यानं बोलू नकोस म्हटलेलंच असणार होतं. नाही बोलले तर बाळाला घेऊन वहिनी कुठं जाणार, हे डोळ्यांसमोर दिसत होतं. मी सरसाक्कांना हळूच विचारलं, घरातल्या दुसऱ्या माणसानं सांगितलं तर चालतं का. त्यांनी मला विचारलं नाही की काय सांगणार आहेस. उभ्याच राहिल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या की ह्या घरची बाई बोलणार आहे, ती मराठीत बोलेल, मी सांगेन.

मी म्हणाले, "सेल्वी म्हणते की भट्टी बंद करा असं मी म्हणत नाही. तेजाब कधी काढणार ते आधी सांगा. मी फुलं आत घेईन, सासऱ्याला खाली नेईन. हे सांगायला ती दोनदा आली आणि दादानं दार लावलं."

शेवटचं वाक्य बोलून गेल्यावर वाटलं, सरसाक्का एवढं गाळतील तर बरं. त्यांनी गाळलं नाही. आधी कन्नडमध्ये, मग तमिळमध्ये सांगितलं, आणि दार लावल्याचं सांगताना हातानं दार लावूनही दाखवलं. मी दादाकडं बघितलं नाही.

"सरी," सेल्वी म्हणाली.

दादा मग कानडीत दोनच वाक्यं बोलला, आत लोकांचं सोनं असतं, वेळ बाहेर कळू द्यायची नसते. आता उलटी पाळी. दादाचं म्हणणं सेल्वीनं सांगायचं. तिनं पदर कमरेला खोचला. मग बोलली, आणि सरसाक्कांनी ते आमच्यासाठी मराठीत आणलं, तसंच सपाट.

"हा म्हणतो, शेजारणीला वेळ कळली तर ती चोराला सांगेल."

दादा मराठीतच म्हणाला, "तुमास्नी म्हणून न्हाई हो. आमच्या धंद्याची रीतच हाय. सगळ्यांबद्दलच असतंय."

सरसाक्का त्याला म्हणाल्या, "ते मागून सांग. ती बोलली ते बरोबर की नाही?"

दादानं खाली बघितलं. त्याला 'सरी' म्हणायला किती जड गेलं ते मी शेजारी बसून बघितलं. पण म्हणाला.

मला वाटलं आता सेल्वी चिडणार. चिडायला कारण होतं. ती त्याच्याकडं नीट बघत तमिळमध्ये काहीतरी म्हणाली, आणि सरसाक्कांना सांगायच्या आधीच हसू फुटलं. ते आवरून त्या म्हणाल्या, "ती विचारते, तुझा धूर अख्ख्या पेठेला जातो. चोराला नाक नसतं काय?"

आधी बाबाजान हसले, मग शेट्टी, मग सगळा कट्टा. दादा जरा उशिरा हसला, पण हसला. इतकी वर्षं त्यानं दार लावून जे लपवलं होतं ते रोज पाइपातून आभाळात जात होतं, आणि हे त्याच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. आबांच्याही आलं नसावं. त्यांची भट्टी रानात होती, शेजारी कोण, तर बाभळी.

मग बोलणं सोपं झालं. पाइप गच्चीच्या वर पुरुषभर न्यायचा. तेजाब काढायच्या आधी सेल्वीला हाक द्यायची. सणाच्या आदल्या दिवशी तेजाब अजिबात नाही. असं गौरी-गणपतीपर्यंत बघायचं आणि मग पुन्हा बसायचं. शेट्टींना हे पटलं नाही. पाइप उंच केला की धूर त्यांच्या घरावर येईल, त्यापेक्षा भट्टीच नको, असं त्यांचं म्हणणं. पण तेही आधी दादाचं म्हणणं सांगून मगच बोलले.

हात वर करायची वेळ आली तेव्हा मी हात मांडीवर ठेवून बसले. सेल्वीनं मला ढोसलं. बाबाजान म्हणाले, "ये तो मेहमान है." खोटं नव्हतंच.

रामय्यांनी विचारलं, "नळावर त्यांच्या घरचं पाणी कोण भरतं?"

"ये भरती," सेल्वी म्हणाली. "नंबर के वास्ते झगडा भी करती."

"जो नळावर पाणी भरतो तो गल्लीतला," रामय्या म्हणाले. सरसाक्कांनी मला ते सांगितलं, आणि वर आपल्या मनचं जोडलं, बहुतेक तेवढं एकच, "उचल की गे हात."

मी उचलला. हात हलका लागला. गावात जन्म काढला तरी कुणी मला हात वर करायला सांगितलं नव्हतं, आणि इथं मला दुकानाची पाटी वाचता येत नव्हती.

भट्टी राहिली. शेट्टी आणि आणखी तीनचार घरं विरोधात राहिली, आणि सभा सुटल्यावर शेट्टींनीच दादाला उंच पाइप जोडणारा माणूस कुठं भेटेल ते सांगितलं. घरी चुलीपाशी बसल्यावर दादा म्हणाला, "दार लावल्यालं सांगायची काय गरज हुती?"

मी म्हटलं, "ती सरी म्हणाली नसती."

तो जेवला. सकाळी तेजाबाची बरणी खाली काढण्याआधी गच्चीच्या दिशेनं त्यानं हाक मारली, "सेल्वीम्मा". आवाज इतका बारीक की माझ्याही कानाला जेमतेम लागला. वहिनी माळ्यावरून म्हणाली, "जरा मोठ्यानं वरडा, चोराला ऐकू गेलं न्हाई."

घरी

गौरी-गणपतीनंतर दादाचा शेजारच्या फोनवर निरोप आला. पुन्हा सभा झाली, शेट्टींनी अजून हात वर केला नाही, पण भट्टी आहे. म्हातारा आता वर गच्चीवरच निजतो. बाळ सेल्वीकडं जातं आणि तोंडातून दोनतीन अक्षरं काढतं. ती कानडी की तमिळ ते दादाला सांगता आलं नाही.

लोक मला विचारतात, तिथं एवढ्या भाषा, मग चालतं कसं? मला नीट सांगता येत नाही. चांगलं चालतं असंही नाही. नळावर डोकी फुटायची वेळ येते, आणि कावेरीच्या दंगलीत सेल्वीला ज्या शहरानं दार लावून बसवलं तेही तेच. मी एक गल्ली बघितली, एक रविवार बघितला. पण सारखं मनात येतं, आम्ही एकाच भाषेत बोलणारी माणसं एकमेकांचं म्हणणं कधी आपल्या तोंडानं म्हणून बघतो का. परवा सासूबाईंशी वाद झाला तेव्हा मी म्हटलं, थांबा, आधी तुमचं मी सांगते. दुसऱ्या खेपेलाही त्या 'बरोबर' म्हणाल्या नाहीत. तिसऱ्या खेपेला भात करपला.

निघताना सरसाक्कांना मी वाकून नमस्कार केला. त्यांना काही नको होतं. मशीनवर वाकूनच म्हणाल्या, "जाऊन ये गे." तिकडं कुणी निघालं की 'जाऊन ये' म्हणतात, आपल्यासारखंच.

अक्का, तुम्ही कृष्णेच्या अलीकडची माती कधी बघितली नाही. एकदा तुम्हाला मी आणणार आहे. पोळी हरभऱ्याच्या डाळीची खावी लागेल. आणि ज्या दिवशी आमची ग्रामसभा असेल त्या दिवशी मी तुम्हाला देवळाच्या मंडपात पुढं बसवीन. तुमची मराठी ऐकून लोक हसतील, हसू द्यात. मी शेजारी उभी राहून तुमचं बोलणं सांगेन, एक शब्द कमी न करता, एक शब्द गोड न करता, आणि भावजींना जे लागेल तेही गाळणार नाही. तेवढी फेड माझ्याकडं राहिली.